ट्रक कशाला म्हणायचे?

१९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेला तेल विकणे थांबवले. पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. १९७५ मध्ये अमेरिकेने वाहनांच्या सरासरी इंधनवापरावर कायदा केला. १९८५ च्या मोटारींनी गॅलनला २७.५ मैल, म्हणजे लिटरला सुमारे ११.७ किलोमीटर जायला हवे होते. ट्रक मात्र कामाचे वाहन! म्हणून हलक्या ट्रकांना सौम्य नियम, आणि भारासह ८,५०० पौंडांहून (सुमारे ३,८५६ किलो) जड वाहनांना नियमच नाही.

पुढे ट्रकच्याच सांगाड्यावर कुटुंबासाठी गाड्या बनू लागल्या. १९९९ मध्ये आलेली फोर्डची एक्सकर्शन डिझेल इंजिनातही मिळे. ती या मर्यादेपलीकडची. त्यामुळे ती लिटरला किती धावते हे खरेदीदाराला सांगण्याचेही बंधन नव्हते.

वर्गात एक गणित घालून पाहा. प्रवास ३०० किलोमीटर. लिटरला १५ ऐवजी २० किलोमीटर धावणारी गाडी घेतली, तर ५ लिटर वाचतात. ५ ऐवजी ६ धावणारी घेतली, तर १० लिटर! म्हणजे थोड्या सुधारणेत जास्त बचत जिथे शक्य होती, तीच वाहने कायद्याबाहेर राहिली. अशा प्रवासी गाड्या २०११ च्या मॉडेलपासून नियमात आल्या. जड ट्रकांसाठीचे पहिले नियमही २०११ मध्येच जाहीर झाले. तेल किती जळणार हे इंजिनाइतकेच व्याख्येनेही ठरवले होते.