हुंडेकरी आणि हद्द

बार्शी-सोलापूरकडे मालाला ट्रक मिळवून देणाऱ्याला जुनी माणसं अजूनही हुंडेकरी म्हणतात. नवी पिढी ट्रान्सपोर्टवाला म्हणते. माझ्या समजुतीप्रमाणे हुंडेकरी म्हणजे गाड्या भाड्यानं देणारा, एवढंच होतं. पुढे मोल्सवर्थच्या कोशात 'हुंडेभाडे' हा शब्द सापडला आणि चूक कळली. माल अमुक ठिकाणी पोचवायचा आणि वाटेतली जकात, नाकी, इतर खर्च सगळा गाडीवाल्यानंच भरायचा, असा एकरकमी सौदा म्हणजे हुंडेभाडे. भाड्यातच नाका धरलेला. आमच्या बेंबळीसारख्या गावाचा इतिहास या एका शब्दात निम्मा सामावला आहे, असं मला वाटतं.

कारण बेंबळी आणि बार्शी यांच्यामध्ये दोन राज्यांची हद्द होती. बेंबळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात, बार्शी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. मध्ये मोठी नदी नाही. दोन्हीकडे ज्वारी तीच, सोयरीक तीच. तरी ही हद्द कागदावरची नव्हती. मधे सात वर्षं ती उठलीही होती. फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी १८५३ साली निजामानं वऱ्हाडासोबत नळदुर्ग-धाराशिवचा मुलूखही इंग्रजांकडे दिला आणि कर्नल मेडोज टेलर इथला कारभार पाहू लागला. १८६० साली हा मुलूख परत निजामाकडे गेला. नेमकं त्याच साली मुंबईहून निघालेली रेल्वे सोलापूरला पोचली. म्हणजे मुंबईची बाजारपेठ दाराशी आली आणि त्याच वर्षी दाराला पुन्हा कडी लागली.

निजामाच्या जकातखात्याला करोडगिरी म्हणत. येणाऱ्या आणि जाणाऱ्या मालावर सर्वसाधारण दर शेकडा पाच, मालाच्या किमतीवर. हा आकडा जुना, कंपनी आणि निजाम यांच्या १८०२च्या व्यापारी तहापासूनचा. शेकडा पाच ऐकायला फार वाटत नाही. पण पैसाही वेगळा होता. संस्थानात हाली सिक्का, इंग्रजी मुलखात कलदार. ढोबळ हिशेब सात हालीला सहा कलदार. बार्शीत गाडीभर मालाचे साठ कलदार आले, तर हालीत सत्तर व्हायला हवेत. प्रत्यक्षात सत्तर हातात पडत नसत. सराफाचा बट्टा, आडत, हमाली, नाका हे सगळं वजा होई. गावात अजून 'निजामानं लुटलं' असं सरसकट बोलतात. मला ते अपुरं वाटतं. करोडगिरीचा दर निदान ठरलेला होता, बट्ट्याचा नव्हता.

आमच्या आजोबांची बैलगाडी होती. दहा पोती बसायची. हंगामात करडई, शेंगा, कधी तूर घालून ते बार्शी गाठत. वाटेत दोन मुक्काम. परतीला मीठ, रॉकेल, कापड. रिकामी गाडी आणणं त्यांना कमीपणाचं वाटे. एका नाक्यावर कारकुनानं शेंगांची किंमत मनाला येईल तशी लावली आणि गाडी दीड दिवस उभी ठेवली, ही गोष्ट ते दर दिवाळीला सांगत. त्याच वेळी एका व्यापाऱ्याच्या वीस गाड्या न थांबता पुढे गेल्या. त्या हुंडेकऱ्याच्या होत्या. वीस गाड्यांचा हिशेब त्यानं एकदमच मिटवलेला. "नाका त्याच्या भाड्यात हुता, आन् माझ्या डोक्यावर," आजोबा म्हणत. भरल्या मालाच्या वाहतुकीचं सगळं अर्थशास्त्र मला या वाक्यात दिसतं. ज्याचा माल मोठा, त्याची हद्द लहान होते.

एव्हाना बार्शी लाइट रेल्वेही आली होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं अडीच फुटी रुळांवर उभी केलेली ही गाडी १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी धावू लागली. दर आसावर पाच टनच भार यावा अशी तिची बांधणी. १९११ पर्यंत ती हद्द ओलांडून लातूरला पोचली. मग लातूरची पेठ वाढली. आमच्याकडचा बराच माल तिकडे वळला आणि हद्द ओलांडायचं काम वाघिणींनी उचललं. आजोबा मात्र बार्शीच धरून राहिले. तिथला आडत्या ओळखीचा, आणि बहीण त्या बाजूला द्यायची होती.

ते लग्न १९४८च्या उन्हाळ्यात ठरलं होतं. नोव्हेंबर १९४७चा जैसे थे करार कागदावर होता, पण हद्दीवर काहीच जैसे थे नव्हतं. अलीकडे रझाकार, पलीकडे बार्शी-सोलापूरच्या बाजूला स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहींची शिबिरं. हिंदी संघराज्यातून येणारा माल अडू लागला. मीठसुद्धा मिळेना. आमच्या घरात शेंगांची दहा पोती पडून होती आणि लग्नाचं कापड बार्शीत. आजोबांनी गाडी जुंपलीच नाही. याचं कारण त्यांनी फार साधं सांगितलं होतं. डोक्यावरचं ओझं रानानं जातं, भरली गाडी रस्ता सोडत नाही. खरंच आहे. चोरटा व्यापार पायवाटेनं, पाटीभरानं होतो. गाडीभर माल नेणाऱ्याला नाक्यासमोरूनच जावं लागतं. ते एका रात्री एकटेच गेले आणि पाठीवर मीठ घेऊन आले. कापड आणलं नाही. लग्न पुढे गेलं.

१३ सप्टेंबरला सोलापूरकडून हिंदी फौज नळदुर्गात शिरली, १७ला निजामानं शरणागती पत्करली. शेंगांना तोवर भुंगा लागला होता. उरल्या त्या सहा पोत्यांवर लग्न झालं.

हद्द मात्र पाच दिवसांत गेली नाही. फौज जाते तितक्या लवकर जकात जात नाही. विलीनीकरणानंतरही हैदराबादची करोडगिरी एकदम बंद न होता टप्प्याटप्प्यानं संपली, आणि हाली सिक्का १९५९ पर्यंत चालत राहिला. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा बेंबळी-बार्शीमधली राज्याची हद्द जिल्ह्याची उरली.

आता बेंबळीतून सोयाबीनचा ट्रक भरून निघतो तो वाटेत चहाला थांबला तरच थांबतो. परवा एका ड्रायव्हरला भाडं विचारलं. म्हणाला, "काका, टोल धरून की सोडून?" मला आजोबा आठवले. सत्तरीतही कुणी बैलाची, जमिनीची, अगदी रेडिओची किंमत सांगितली की ते आधी विचारत, "कलदार का हाली?"