मंडई आणि फुल्यांचा प्रश्न

पुण्याच्या जुन्या पेठांतला बाजार आता संपत चालला, असे म्हणण्याची एक रीतच पडली आहे. २०११ मध्ये विमाननगरला फिनिक्स मार्केटसिटी सुरू झाली, पुढे खरेदी मोबाइलच्या पडद्यावर आली. दर वेळी तुळशीबाग, लक्ष्मी रस्ता आणि मंडई यांच्याविषयी हळहळ व्यक्त झाली. त्या हळहळीत मीही असते. परंतु परंपरा म्हणून आपण जी मंडई जपू पाहतो, ती एके काळी सरकारी खर्चाने उभारलेली नवलाईच होती, याचा विसर पडू नये.

१८८६ पूर्वी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात, ऊन-पाऊस सोसत, उघड्यावर भरत असे. नगरपालिकेने शुक्रवार पेठेत मधोमध उंच मनोरा असलेली भव्य इमारत बांधली आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिला ‘रे मार्केट’ असे नाव दिले. एका छपराखाली आखून दिलेल्या जागा, ठरावीक भाडे, वर पालिकेची देखरेख. आजच्या मॉलची कल्पना याहून फार निराळी आहे असे मला वाटत नाही.

या खर्चाला महात्मा फुल्यांनी नगरपालिकेचे सदस्य असताना विरोध केला होता. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळावा, असा त्यांचा आग्रह. ते स्वतः माळी समाजातले. घराण्याचे आडनावही फुलांच्या व्यवसायावरून पडलेले. बाजारात कोण बसते आणि त्याच्या हाती काय पडते, हे त्यांना कुणी सांगण्याची गरज नव्हती. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्याच इमारतीला फुल्यांचे नाव मिळाले. वर्गात हे सांगितले की विद्यार्थी हसतात. हसण्यासारखे आहेच, पण तोवर माळणींनी, हमालांनी आणि गिऱ्हाइकांनी ती परकी वास्तू आपलीशी करून टाकली होती, हेही खरे. १९२४ मध्ये तेथे टिळकांचा पुतळा बसला. ‘मंडई विद्यापीठ’ हा शब्दप्रयोग तर अस्सल पुणेरी. भाजीच्या ढिगाशेजारी राजकारणाचे पाठ गिरवणाऱ्या शहरालाच तो सुचावा.

तुळशीबागेची गोष्ट वेगळी. नारो आप्पाजी खिरे यांनी १७६१ मध्ये राममंदिराचे काम सुरू केले आणि त्याच्या आधाराने कुंकू, बांगड्या, पितळी भांडी, भातुकली यांचा बाजार वाढत गेला. दर्शनाला आलेली बाई जाताना दोन वस्तू घेऊन जाई, कारण तिचे घर हाकेच्या अंतरावर होते.

माझ्या मते मर्म येथे आहे. पेठांचा बाजार पेठांतल्या बिऱ्हाडांवर जगला, आणि ती बिऱ्हाडे मॉल येण्याच्या कितीतरी आधी हलू लागली होती. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठचे वाडे पाडले आणि अनेक कुटुंबे सहकारनगर, गोखलेनगर अशा नव्या वसाहतींत गेली. उरलेल्या वाड्यांत भाडी गोठलेली, त्यामुळे मालक दुरुस्तीला नाखूश आणि भाडेकरू जागा सोडायला. मग वाडा पडे, त्याजागी इमारत येई, तळमजल्यावर दुकाने आणि वरती पुष्कळदा गोदामे. दुपारी चार वाजता सहज खाली उतरून कोथिंबीर आणणारे माणूस असे हळूहळू नाहीसे झाले. याचा दोष एकट्या ऑनलाइन खरेदीवर टाकणे सोयीचे आहे, इतकेच.

२०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिनानिमित्त लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांसाठी बंद ठेवण्याचा उपक्रम झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये मंडईचे भुयारी मेट्रो स्थानक खुले झाले. दोन्ही गोष्टी मला मनापासून आवडल्या. त्या रस्त्यावरून निवांत चालता येईल, असे लहानपणी वाटलेही नव्हते. तरी पुनरुज्जीवनाची चर्चा फरसबंदी, दिवे आणि दर्शनी भिंतींपाशी रेंगाळते, तेव्हा फुल्यांचा जुना प्रश्न पुन्हा विचारावासा वाटतो: हा खर्च कुणासाठी? वाड्यांच्या वरच्या मजल्यांवर परवडणाऱ्या भाड्यात माणसे राहायला यावीत, यासाठी त्यातला किती? आणि अतिक्रमणाची गाडी दिसताच पाटी उचलून बोळात शिरणाऱ्या भाजीवालीने, रस्ता सुशोभित झाल्यावर, बसायचे कुठे?