सोंगाला ओळख हवी

नागपुराहून वर्ध्याकडे येताना वाटेत केळझर लागते. टेकडीवरच्या सिद्धिविनायकामुळे गावाचे नाव दूरवर गेले आहे. महाभारतातील एकचक्रा नगरी ती हीच, असे इथले लोक मानतात. बकासुराला गाडाभर अन्न, रेडे आणि एक माणूस पोचवावा लागे. एका ब्राह्मणाच्या घरावर पाळी आली, तेव्हा कुंतीने भीमाला धाडले. आणि भीम काय करतो? राक्षसाच्या वाट्याचे अन्न स्वतःच खात बसतो! बक मागून पाठीत गुद्दे घालतो. हा पठ्ठ्या जेवण काही सोडत नाही. हे सोंग कुणीही आणावे, पोरेसोरेही हसतील. कारण पुढे काय होणार ते सर्वांना ठाऊक असते.

विनोदी सोंगाचे सारे मर्म या ठाऊक असण्यात आहे. लोकप्रिय गोष्टीची थट्टा करायची, तर ती गोष्ट आधी लोकांची झालेली असावी लागते.

आपल्या विदर्भातली खडी गंमत याच भांडवलावर चालत आली. कलावंत उभ्यानेच खेळ करतात, म्हणून ती ‘खडी’. गण झाला की गौळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना कृष्ण आणि पेंद्या अडवितात, दह्यादुधाचे दान मागतात. गोष्ट पुराणातली, पण सोंगाड्याची बोली कालच्या बाजारातली! नाव कुणाचे घ्यायचे नाही, आणि कळायचे मात्र सर्वांना.

या युक्तीची धार इंग्रज सरकारनेही ओळखली होती. १८७६ साली कलकत्त्यात युवराजाच्या स्वागतावर एक प्रहसन झाले, आणि त्याच वर्षी नाट्यप्रयोगांना आळा घालणारा कायदा आला. पुढे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, द्रौपदीत भारतमाता दिसली. १९१० साली नाटकावर बंदी आली. सरकार काही पुराणातल्या कीचकाला भीत नव्हते. भीत होते ते लोकांना पटलेल्या ओळखीला. स्वराज्यातही ही युक्ती जुनी झाली नाही. १९६५ साली आलेल्या वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यात राजा आणि कोतवाल यांच्या आडून दादा कोंडके चालू राजकारणाला चिमटे काढीत.

मग सोंगे पडद्यावर गेली. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात आगपेटीतल्या काड्या थोड्या थोड्या सरकवून, एकेक चित्र घेऊन, त्या हलत्या केल्या. त्याच तंत्राने अमेरिकेत २००५ पासून ‘रोबॉट चिकन’ या मालिकेत खेळण्यांतल्या बाहुल्या गाजलेल्या चित्रपटांची खिल्ली उडवू लागल्या. बाहुल्या तिकडच्या, पण कसब आपल्या सोंगाड्याचेच. मात्र ज्याने ते चित्रपट पाहिले नाहीत, त्याला त्यात हसण्यासारखे काय सापडणार?

हीच गोष्ट उद्या आपल्या गौळणीची होऊ शकते. ढोलकी जपता येईल, तुणतुणे जपता येईल, कलावंताला मानधनही देता येईल. पण समोर बसलेल्या मुलाला पेंद्या कोण हेच ठाऊक नसेल, तर सोंगाड्याने करावे काय? तेव्हा खडी गंमत वाचवायची, तर निम्मे काम मांडवात आहे, आणि निम्मे घरात, रात्रीच्या गोष्टीत. बकासुराची गोष्ट केळझरच्या पोराला आधी आजीने सांगावी. हसवायचे काम मग सोंगाड्या पाहून घेईल.