पूर्वजांची निवड : खानदेशातील सुशिक्षितवर्ग आणि प्रादेशिक अस्मिता

राजसत्ता पालटली म्हणजे समाजातील अग्रेसर वर्गाला ‘आपण कोण’ या प्रश्नाचे उत्तर नव्याने द्यावे लागते, आणि ते बहुधा इतिहासातून पूर्वज निवडून दिले जाते. १९९१ साली सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर उझबेकिस्तानच्या राज्यकर्त्यांनी तैमुराला राष्ट्रपुरुष ठरविले व १९९३ साली ताश्कंदमध्ये त्याचा अश्वारूढ पुतळा उभारला. वास्तविक तैमुराचा वंशज बाबर याला समरकंदातून हुसकावून लावणारे शैबानीखानाचे लोक उझबेकच होते. अशा निवडीत वंशपरंपरेपेक्षा वर्तमानाची गरज प्रबळ ठरते, हे यावरून स्पष्ट होते.

हाच निकष खानदेशास लावून पाहणे उद्बोधक आहे. या प्रांताला स्वतंत्र राज्याचा वारसा नव्हता असे नाही. १३८२ ते १६०१ या काळात येथे फारुकी सुलतानांची सत्ता होती. थाळनेर व पुढे बुऱ्हाणपूर ही तिची केंद्रे होत. परंतु १८१८ नंतरच्या इंग्रजी अमदानीत धुळ्यास जो सुशिक्षितवर्ग उदयास आला, त्याच्या संशोधनकार्याचा केंद्रबिंदू फारुकी नव्हते. शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा स्थापून समर्थ संप्रदायाच्या वाङ्मयाचे संकलन आरंभिले. वि. का. राजवाडे १९२६ साली धुळ्यासच निवर्तले आणि त्यांच्या संग्रहाच्या जतनार्थ १९२७ साली राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. रामदास आणि मराठेशाही हे निवडलेले पूर्वज खानदेशाला अखिल महाराष्ट्राशी जोडणारे होते.

या जोडणीचे मोल मोठे आहे. तथापि तिची किंमतही मोजावी लागली. ग्रिअर्सनने आपल्या भाषापाहणीत खानदेशीला मराठीपासून वेगळे काढून भिल्ली बोलींबरोबर ठेवले होते. मराठीपणावर अधिष्ठित अस्मितेत अहिराणीला व भिल्लांच्या मौखिक परंपरेला दुय्यम स्थान मिळावे, हे ओघानेच आले. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि पूर्व व पश्चिम खानदेश ही जिल्ह्यांची नावे जाऊन जळगाव व धुळे ही नावे रूढ झाली.

वगळलेला आवाज पुढे अन्य मार्गाने प्रकटला. बहिणाबाई चौधरी यांची बोलीतील गाणी त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली ग्रंथरूप झाली, आणि २०१८ साली जळगावच्या विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले. दप्तरातील पूर्वजांशेजारी अशा रीतीने शेतकरी स्त्री येऊन बसली. मात्र हीदेखील निवडच होय. सातपुड्यातील भिल्लांचा इतिहास अजून तिच्या बाहेर आहे. निवडलेल्या पूर्वजांबरोबर न निवडलेल्यांचीही नोंद ठेवणे, हे प्रादेशिक इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य आहे.