दलदलीतली होडी

१९३८ साली अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात अँड्र्यू जॅक्सन हिगिन्स नावाच्या माणसाचा लाकडी होड्यांचा एक कारखाना होता. कामगार पाऊणशेही नव्हते. गिऱ्हाइकं म्हणजे लुईझियानाच्या दलदलीत तेल शोधणारे आणि फर मिळवण्यासाठी प्राणी पकडणारे फासेपारधी. पुढच्या पाच वर्षांत या कारखान्याचे सात झाले आणि कामगार वीस हजारांवर गेले. सप्टेंबर १९४३ मध्ये अमेरिकी नौदलाकडे लहानमोठ्या सगळ्या मिळून १४,०७२ नौका होत्या. त्यांपैकी १२,९६४, म्हणजे शंभरातल्या ब्याण्णव, हिगिन्सच्या आराखड्यावर बांधलेल्या होत्या. हा हिशोब नगांचा आहे, वजनाचा नाही. युद्धनौका एक आणि होडीही एकच. तरीही आकडा थक्क करतो.

हिगिन्स मूळचा नेब्रास्काचा, म्हणजे समुद्रापासून शेकडो मैल आतला. धंदा लाकडाचा. उथळ पाण्यातून लाकूड बाहेर काढायला होड्या लागतात, म्हणून तो होड्यांकडे वळला. लुईझियानाच्या त्या पाण्यात बुडालेले ओंडके, जलपर्णी आणि वाळूचे दांडे ठायी ठायी असतात. साध्या होडीचा पंखा तिथे तासाभरात मोडायचा. हिगिन्सने पंखा तळाखालच्या अर्धवट बोगद्यात बसवला, म्हणजे तो कशावर आपटणार नाही. नाळेत पाइन लाकडाचा एक भरीव ठोकळा घातला. या होडीचं नाव ‘युरेका’. ती पूर्ण वेगाने ओंडक्यांवरून जाई, किनाऱ्यावर चढे आणि उलटा गिअर टाकला की आपणहून पाण्यात परत येई. तिथल्या गिऱ्हाइकाला हेच हवं होतं, कारण दलदलीत धक्का नसतो.

आता लष्करी बाजू पाहू. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला जे झालं, त्यानंतर बहुतेक सैन्यांनी शत्रूच्या किनाऱ्यावर उतरण्याचा नादच सोडला होता. अमेरिकी मरीन कोअरने मात्र तो विषय धरून ठेवला. त्यांची अडचण साधी होती. जहाज किनाऱ्यापासून दूर उभं राहतं. तिथून जवानाला वाळूवर न्यायचं, उतरवायचं आणि होडी पुढच्या फेरीसाठी माघारी आणायची. अशी होडी नव्हती. नौदलाच्या जहाजबांधणी खात्याने स्वतःचे आराखडे केले. ते चाचण्यांत मागे पडले, तरी खात्याला बाहेरचा, त्यातून तापट आणि फटकळ हिगिन्स नकोच होता. मरीन मात्र युरेकाच्या बाजूने ठाम राहिले, कारण उतरायचं त्यांना होतं.

युरेकात एक उणीव होती. जवानाला काठावरून खाली उडी मारावी लागे. पाठीवर सामान, हातात रायफल, समोर गोळीबार अशा वेळी ती उडी फार महाग पडते. यावरचा तोडगा जपानी सैन्याने आधीच काढला होता. १९३७ मध्ये शांघायजवळ व्हिक्टर क्रुलॅक या तरुण मरीन लेफ्टनंटने जपानी होड्यांचे फोटो घेतले. त्यांची नाळ पुढे पडून तिचा उतरता रॅम्प होत असे. त्याने अहवाल वॉशिंग्टनला पाठवला आणि तो फायलीत पडून राहिला. (वर्दीतल्या वाचकांना याचं नवल वाटणार नाही.) १९४१ मध्ये तो फोटो हिगिन्ससमोर आला. त्याने स्वखर्चाने एका युरेकाची नाळ कापून रॅम्प बसवला आणि मे महिन्यात पाँटचारट्रेन तलावात चाचणी दिली. यातूनच एलसीव्हीपी ही प्रसिद्ध होडी घडली. लांबी छत्तीस फुटांच्या थोडी वर, अंग प्लायवूडचं, रॅम्प पोलादी, आत छत्तीस जवान किंवा एक जीप. अशा तेवीस हजारांवर होड्या बांधल्या गेल्या.

खात्याचा विरोध तरीही संपला नाही. मे १९४२ मध्ये नॉरफोकजवळ खवळलेल्या समुद्रात दोन मोठ्या होड्यांची समोरासमोर चाचणी झाली. एक खात्याची, एक हिगिन्सची, दोन्हींवर रणगाडा. खात्याची होडी उलटता उलटता राहिली. हिगिन्सची पोचली. युद्धखर्चाची चौकशी करणाऱ्या सिनेटर ट्रुमन यांच्या समितीने नंतर खात्यावर कडक ताशेरे ओढले.

कारखान्यातली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्या काळच्या न्यू ऑर्लिन्समध्ये गोऱ्यांची आणि काळ्यांची बाकंसुद्धा वेगळी होती. हिगिन्सने गोरे, काळे, स्त्रिया, म्हातारे, अपंग सगळ्यांना कामावर घेतलं आणि एका कामाला एकच मजुरी दिली. माणसं कमी होती आणि होड्या लगेच हव्या होत्या, हे कारण होतंच. पण तशीच गरज असलेल्या कितीतरी मालकांनी हे केलं नाही.

६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या वाळूवर पडलेले रॅम्प आपण सिनेमात पाहिले आहेत. आयझेनहॉवर यांनी पुढे इतिहासकार स्टीफन अँब्रोज यांना सांगितलं, की या होड्या नसत्या तर मोकळ्या किनाऱ्यावर उतरताच आलं नसतं आणि युद्धाची सगळी आखणीच बदलावी लागली असती. बंदर जिंकल्याशिवाय फौज उतरत नाही, हा जुना नियम या होडीने मोडला.

एवढ्यावर थांबलो तर ही एका जिद्दी उद्योजकाची यशोगाथा होईल. पण हीच होडी एका ठिकाणी अडकली, आणि ते आपल्या कामाचं आहे.

२० नोव्हेंबर १९४३, पॅसिफिकमधलं तरावा. बेटाभोवती प्रवाळाचा कठडा. भरलेल्या होडीला मागच्या बाजूला सुमारे तीन फूट पाणी लागतं. त्या दिवशी कठड्यावर तेवढंही नव्हतं. कोकणातल्या कोळ्याला कारण एका शब्दात सांगता येईल: भांग. अष्टमीच्या सुमाराला भरती उधाणासारखी चढत नाही. त्या बेटांवर अनेक वर्षं काढलेल्या एका मेजरने तसा इशाराही दिला होता. होड्या कठड्यावर अडकल्या आणि मरीन शेकडो यार्ड छातीभर पाण्यातून मशीनगनच्या माऱ्यात चालत गेले. तीन-चार दिवसांत हजाराच्या आसपास अमेरिकी मेले. कठडा पार करू शकली ती पट्ट्यांवर चालणारी उभयचर वाहनं. तीही मुळात फ्लोरिडाच्या दलदलीत वादळग्रस्तांना वाचवायला एका बाहेरच्याच माणसाने, डोनाल्ड रोब्लिंगने, केलेल्या वाहनावरून आली होती. तरावानंतर अमेरिकेने पाण्याखाली जाऊन किनारा आधी तपासणारी पथकं उभी केली.

आपल्याकडेही असं झालं आहे. डिसेंबर १९७१ च्या मध्यास, पाकिस्तानी फौजेची ब्रह्मदेशाकडची वाट तोडण्यासाठी कॉक्स बाजारजवळ आपली गुरखा पलटण घरियाल आणि गुलदार या जहाजांतून उतरवली गेली. जहाज वाळूच्या दांड्यावर टेकलं, पण दांड्याच्या पलीकडे, किनाऱ्याच्या बाजूला पाणी खोल होतं. शत्रूची एकही गोळी न लागता आपले जवान तिथे बुडाले. या मोहिमेचा उल्लेख विजयाच्या इतिहासात एखाद्या परिच्छेदात उरकला जातो. तिला याहून जास्त जागा मिळायला हवी.

खडकवासल्याच्या पीकॉक बेमध्ये व्हेलर ओढताना आम्हा कॅडेट्सना वाटायचं, होडी म्हणजे दंडाची ताकद. सध्याच्या बेटावरच्या पोस्टिंगमध्ये रोज भरतीचं कोष्टक समोर असतं आणि तरीही स्थानिक मच्छीमाराला विचारल्याशिवाय मी जवानांना पाण्यात उतरवत नाही. हिगिन्सची होडी चांगली झाली, कारण ती एका विशिष्ट पाण्यासाठी, ते पाणी रोज वापरणाऱ्यांच्या तक्रारी ऐकून झाली. तरावाला आणि कॉक्स बाजारला पाण्याला विचारायचं राहून गेलं.

युद्ध संपताच मागणी आटली, संपांनी आणि कर्जाने कारखान्याला घेरलं आणि १९४५ संपता संपता तो मोडीत निघाला. हिगिन्स १९५२ मध्ये वारला. प्लायवूड कुजतं, त्यामुळे त्या हजारो होड्यांपैकी आज मोजक्याच उरल्या आहेत. ज्या जवानांना त्यांनी वाळूपर्यंत सुखरूप पोचवलं, त्यांतल्या बहुतेकांना ती बांधणाऱ्याचं नाव ठाऊक होतं, कारण ते तिला ‘हिगिन्स बोट’च म्हणत. कुठल्याही कंत्राटदाराला जवानाकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळाल्याचं माझ्या वाचनात नाही.