हिरकणी, काब्याची किल्ली आणि गाडीचा भोंगा

कुलपाचा इतिहास लिहायचा तर रायगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्याने हिरकणीपासून सुरुवात करावी. आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झाले आणि दूध घालायला आलेली गवळण आत अडकली. घरी तान्हे बाळ, आणि पहारेकरी दरवाजा उघडेनात. शेवटी ती अंधारात कडा उतरून गेली. हे कळल्यावर शिवाजी महाराजांनी तिला शिक्षा केली नाही. तिचा साडीचोळीने गौरव केला आणि ती जिथून उतरली तिथे बुरूज बांधून घेतला.

या गोष्टीतली आई आपण लहानपणापासून ऐकत आलो. मला तिच्यात कुलपाविषयीही दोन धडे दिसतात. बंदोबस्त शत्रूसाठी असतो, पण त्यात बऱ्याचदा घरचेच माणूस अडकते, हा पहिला. बंदोबस्तातली फट दाखवणाऱ्याचे काय करायचे, यावर राज्यकर्त्याचे शहाणपण कळते, हा दुसरा. मोटारीच्या चोरीविरोधी यंत्रणांचा शंभर वर्षांचा इतिहास हेच दोन धडे गिरवत आला आहे.

सुरुवातीच्या मोटारी हँडल मारून सुरू होत. किल्ली फिरवून इंजिन सुरू करण्याची सोय क्रायस्लर कंपनीने १९४९ साली आणली. सोय झाली खरी, पण किल्लीमागच्या दोन तारा जोडल्या की गाडी चोराचीही होई. मग स्टिअरिंगला कुलूप आले. अमेरिकेत १९७० पासून नव्या मोटारींना चोरीविरोधी कुलूप सक्तीचे झाले. तेही जोर लावून तुटू लागले. चोरांचा सर्वांत मोठा डोळा होता स्पोर्ट्स गाड्यांवर. म्हणून १९८६ साली जनरल मोटर्सने आपल्या कॉर्व्हेट गाडीच्या किल्लीत विजेला ठरावीक अडथळा करणारा एक बारीक रेझिस्टर बसवला. त्याची १५ वेगवेगळी मूल्ये होती. किल्लीचे दाते जुळले पण रेझिस्टर जुळला नाही, तर गाडी सुरूच होत नसे.

पुढच्या दशकात किल्लीच्या प्लॅस्टिकमध्ये चिप आली. या चिपला स्वतःचा सेल लागत नाही. किल्ली खोबणीत घातली की तिथले तारांचे कडे १२५ किलोहर्ट्झच्या आसपासच्या लहरी सोडते. त्याच लहरींवर चिप जागी होते आणि आपला परवलीचा शब्द सांगते. तो पटला तरच इंजिनाचा संगणक पेट्रोल आणि ठिणगी सोडतो. यालाच इमोबिलायझर म्हणतात. युरोपात ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला. नेदरलँड्समधल्या अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा या एका यंत्रणेने मोटारचोरी सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. तेव्हा ही वस्तू निरुपयोगी होती असे कुणी म्हणू नये.

भोंग्याची कथा निराळी. फ्रेंच संशोधक कान्यार द ला तूर याने १८१९ साली भोके पाडलेली तबकडी हवेच्या झोतात फिरवून आवाज काढला आणि त्या उपकरणाला ग्रीक पुराणातल्या गाणाऱ्या सायरनांचे नाव दिले. अलार्म हा शब्द इटालियन आरोळीतून आला; ‘शस्त्रे उचला’ हा तिचा अर्थ. आपल्याकडे गाडीला अलार्म बसवण्याची लाट १९९० नंतर आली, आणि तिच्यातले एक मोठे नाव, ऑटोकॉप, आपल्या नाशिकचे.

गाडीच्या भोंग्याला एक अडचण होती. चोर आधी बॅटरीची तार कापत आणि भोंगा मुका होई. म्हणून चांगल्या भोंग्याच्या पोटातच चार्ज होणारी छोटी बॅटरी बसवली गेली. तार कापली की भोंगा आणखी जोरात ओरडणार. कल्पना नामी होती, पण या बॅटरीचे आयुष्य काही वर्षांचे आणि तिची जागा तापलेल्या इंजिनाशेजारी. ती फुटते, तिच्यातले रसायन पाझरते, सर्किटवरचे तांबे हिरवे पडते. मग पंचवीस वर्षांची ऐटदार गाडी मध्यरात्री, जवळपास कुणी नसताना, बोंब मारू लागते.

बाहेरून बसवलेल्या इमोबिलायझरचीही तीच गत. बसवणाऱ्याने स्टार्टर, इग्निशन, पेट्रोलपंप यांच्या तारा कापून मध्ये रिले घातलेला असतो. चोराला ओळखू येऊ नये म्हणून सगळ्या तारा मुद्दाम काळ्या. चोर आता ती गाडी विसरला आहे. पण उन्हाने आणि हादऱ्यांनी जोड सैल होतात आणि गाडी बंद पडते ती नेमकी घाटात. बसवणारा कधीच दुकान बंद करून गेलेला असतो. मालकाच्या हातात किल्ली आहे, कागद आहेत, पेट्रोल आहे, तरी गाडी त्याला ओळखत नाही. हिरकणीच्या दरवाजाचाच हा प्रकार.

इथे आपल्या भागाचा संबंध येतो. महाडहून पोलादपूर, पुढे कशेडी, हा मुंबई–गोवा रस्ता. गॅरेज ही इथली जुनी रोजीरोटी. शिवाय १९७० च्या दशकापासून कोकणी मुसलमानांच्या घराघरातून माणसे आखातात गेली. माझ्या वर्गातल्या मुलांना वडील काय करतात विचारले की शारजा, दोहा, कुवेत ही नावे येतात, आणि त्यांत मेकॅनिक, ऑटो इलेक्ट्रिशियन पुष्कळ. जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचे शौकीन तिथे कमी नाहीत आणि तिथल्या उन्हात भोंग्याची बॅटरी लवकर मरते. काळ्या तारांच्या गुंत्यातून नेमकी तार हुडकणारे, भोंग्याची चिकटवलेली डबी अलगद उघडून नवे सेल जोडणारे, कापलेली वायर पुन्हा सांधून गाडी मूळ रूपात आणणारे हे हात आपल्या गावांचे आहेत. त्यांच्या हुनराचा इतिहास मात्र कुठल्या पुस्तकात नाही. उलट कुलूप उघडता येणाऱ्या माणसाकडे जग संशयाने पाहते, आणि त्याचे नाव आमच्यासारखे असले तर जरा जास्तच.

हा संशयही जुना आहे. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कारागिराने ब्रामा कंपनीचे अभेद्य मानले गेलेले कुलूप उघडून दाखवले. १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले आणि २०० गिनींचे बक्षीस मिळाले. लोक चिडले : असे ज्ञान चारचौघांत सांगावे का? हॉब्जची बाजू अशी की चोरांना ते आधीच ठाऊक असते, अंधारात राहतो तो कुलूप विकत घेणारा. २०१३ साली हाच वाद पुन्हा झाला. ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या तीन संशोधकांना अनेक महागड्या गाड्यांमधल्या इमोबिलायझर चिपची कमजोरी सापडली. फोक्सवॅगन न्यायालयात गेली आणि इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने प्रसिद्धीला मनाई केली. तो निबंध २०१५ साली, एक वाक्य वगळून, प्रसिद्ध झाला. रायगडावर फट दिसली तेव्हा बुरूज उभा राहिला होता; लंडनमध्ये दोन वर्षे तोंड बंद ठेवले गेले.

मग चोर आणि कारागीर यांच्यातली रेषा कुठली? हत्यारे तीच, ज्ञान तेच. उत्तर मला आपल्या परंपरेत सापडते. इ.स. ६३० मध्ये मक्का जिंकल्यावर काब्याची किल्ली प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या हातात आली. ती आपल्याला मिळावी अशी जवळच्यांची इच्छा होती. त्यांनी ती उस्मान बिन तलहा यांना, ज्यांच्या घराण्याकडे ती आधीपासून होती, परत दिली. अमानत तिच्या हक्कदाराला सोपवा असे सांगणारी सूरह निसाची ५८ वी आयत भाष्यकार याच प्रसंगाशी जोडतात. आजही काब्याची किल्ली त्याच बनू शैबा घराण्याकडे आहे.

कुलूप हा मराठी शब्द अरबी ‘कुफ्ल’वरून आला आणि चावी पोर्तुगीजांकडून. अमानत, अमीन, अमन, ईमान हे सगळे एकाच धातूचे. मुलांना मी हे फळ्यावर लिहून दाखवतो. बाराव्या–तेराव्या शतकात अल-जझरीने चार तबकड्यांच्या जुळणीने उघडणारे कुलूप आपल्या ग्रंथात उघडपणे वर्णन केले. ज्ञान लपवावे असे त्याला वाटले नाही. विश्वास यंत्रात भरता येत नाही, तो माणसाकडेच ठेवावा लागतो. यंत्र फक्त वेळ विकत घेऊन देते.

आणि भोंग्याच्या बाबतीत महाडकरांना जास्त सांगायला नको. सावित्रीची धोका पातळी ६.५० मीटर. पाणी त्या दिशेने चढू लागले की गावात भोंगा वाजतो, आणि २२ जुलै २०२१ ज्यांनी पाहिला त्यांना त्या आवाजाची किंमत ठाऊक आहे. गल्लीत रोज रात्री एखादी गाडी विनाकारण ओरडत असेल तर लोकांचे कान सायरनला सरावतात. खोटा भोंगा बंद करणारा कारागीर खऱ्या भोंग्याचीच सेवा करतो.

म्हणून या धंद्यात शिरणाऱ्या आपल्या मुलांना सांगायचे ते एवढेच. आधी नोंदणीचे पुस्तक मागा, चॅसी नंबर गाडीवर ताडून पाहा, मालकाचे ओळखपत्र बघा. नसेल तर कितीही पैसे मिळोत, बोनेट उघडू नका. काम झाल्यावर काय काढले आणि काय जोडले ते बिलावर लिहा, कारण गाडीत इमोबिलायझर उरला नसेल तर मालकाने ते विमा कंपनीला कळवायला हवे. आणि काढलेला रिले, काळ्या तारा, फुटकी बॅटरी एका पिशवीत घालून किल्लीसोबत त्याच्या हातात द्या. त्या पिशवीतले काहीच आपले नसते.