बंद पडलेल्या सॉफ्टवेअरमधील कलाकृतींचे स्थलांतर

बोधचिन्हे, पुस्तकांची मुखपृष्ठे, दिवाळी अंकांची पाने, लग्नपत्रिका अशा कितीतरी कामांच्या फाइली छापखान्यांत आणि कलाकारांच्या घरी जुन्या सीडींवर पडून आहेत. सीडी सुस्थितीत असली, तरी तिच्यावरील फाइल उघडेलच याची खात्री नसते. संगणकावरील कलाकृती ज्या सॉफ्टवेअरमध्ये तयार झाली, त्याच्याच पद्धतीने ती साठवलेली असते. ते सॉफ्टवेअर बंद पडले की फाइल शाबूत राहूनही निरुपयोगी ठरते.

पेजमेकर आणि फ्रीहँड ही याची दोन ठळक उदाहरणे होत. ‘आल्डस’ कंपनीने पेजमेकर १९८५ मध्ये, तर ‘आल्टसिस’ने तयार केलेले फ्रीहँड १९८८ मध्ये बाजारात आणले. १९९४ मध्ये आल्डस ‘ॲडोब’मध्ये विलीन झाली आणि पेजमेकर ॲडोबकडे गेले, फ्रीहँड १९९५ मध्ये ‘मॅक्रोमीडिया’कडे आले. पेजमेकर ७.० (२००१) आणि फ्रीहँड एमएक्स (२००३) या त्यांच्या अखेरच्या प्रमुख आवृत्त्या. २००५ मध्ये ॲडोबने मॅक्रोमीडिया विकत घेतली आणि २००७ मध्ये फ्रीहँडचा पुढील विकास होणार नसल्याचे जाहीर केले.

पूलही टिकत नाहीत

जुन्यातून नव्यात येण्यासाठी काही काळ पूल उपलब्ध होते. इनडिझाइनच्या सीएस६ (२०१२) पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकर ६.० व त्यापुढील फाइली उघडत; इलस्ट्रेटर सीएस६ फ्रीहँडच्या फाइली उघडत असे. त्यानंतरच्या ‘सीसी’ मालिकेत ही सोय राहिली नाही. मॅकवर २०१९ च्या ‘कॅटालिना’पासून ३२ बिटची सॉफ्टवेअर चालेनाशी झाली आणि इनडिझाइन सीएस६ हा पूलही तेथे संपला. स्थलांतर लांबणीवर टाकण्यातील खरा धोका हाच आहे. मूळ सॉफ्टवेअरपाठोपाठ ते वाचणारे सॉफ्टवेअरही जुने होत जाते.

तीन मार्ग

पहिला व सर्वांत विश्वासार्ह मार्ग म्हणजे मूळ सॉफ्टवेअर. जुना संगणक चालू असेल, किंवा परवान्यासह मूळ सीडी असेल, तर आभासी संगणकात जुने विंडोज बसवून फाइल तेथेच उघडावी. तेथून पीडीएफ वा ईपीएस प्रत काढावी. दुसरा मार्ग सीएस६ च्या पिढीतील सॉफ्टवेअरचा. त्यात फाइल उघडून नव्या स्वरूपात जतन करावी. हे दोन्ही शक्य नसल्यास लिबरऑफिस ड्रॉ आणि स्क्रायबस ही विनामूल्य सॉफ्टवेअर वापरून पाहावीत. दोन्ही स्वरूपांच्या अनेक फाइली ती वाचतात; मात्र मांडणी थोडीफार हलण्याची शक्यता गृहीत धरावी.

मराठी मजकुराचा प्रश्न

मराठी कामांत खरी अडचण फाँटची येते. यूनिकोडपूर्व काळातील मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक जागांवर देवनागरीचे तुकडे बसवीत. तो फाँट नसेल, तर पान उघडूनही त्यावर रोमन अक्षरांची निरर्थक गर्दी दिसते. म्हणून सीडीवरील फाइलींबरोबर फाँटही उतरवून घ्यावेत. ‘टाइप १’ प्रकारच्या फाँटना ॲडोबने जानेवारी २०२३ पासून आधार देणे थांबवले आहे, हेही लक्षात ठेवावे.

येथे दोन कामे निरनिराळी करावी लागतात. बोधचिन्ह किंवा मुखपृष्ठावरील अक्षरे मूळ फाँट हाती असतानाच रेषांत रूपांतरित करावीत, म्हणजे त्यांचे वळण कायम राहते. पुस्तकाचा मजकूर मात्र यूनिकोडमध्ये आणावा. अन्यथा त्यात शोध वा दुरुस्ती करता येणार नाही. रूपांतरानंतर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार डोळ्यांखालून घालावेत. जुन्या फाँटमध्ये ही चिन्हे दिसण्याच्या क्रमाने साठवली जात, यूनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. त्यामुळे चुका बहुधा तेथेच होतात. इनडिझाइनमध्ये जोडाक्षरे तुटत असल्यास ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडावा.

तपासणी व जतन

फाइल उघडली म्हणजे कलाकृती वाचली असे नव्हे. मोठी छायाचित्रे अनेकदा फाइलमध्ये नसतात. तेथे केवळ त्यांचा पत्ता असतो. मूळ छायाचित्रे वेगळी शोधून पुन्हा जोडावी लागतात. स्पॉट कलर म्हणून दिलेला रंग चार रंगांत विभागला गेला आहे काय, हेही पाहावे. या साऱ्या पडताळणीत छापील प्रतीइतका भरवशाचा साक्षीदार नाही. ती समोर ठेवूनच पान तपासावे.

शेवटी प्रत्येक कामाच्या तीन प्रती ठेवाव्यात: मूळ फाइल जशीच्या तशी, नव्या सॉफ्टवेअरमधील संपादनयोग्य फाइल आणि सर्वमान्य स्वरूपातील प्रत. पानांसाठी दीर्घकालीन जतनाकरिता आखलेले पीडीएफ/ए आणि रेखाचित्रांसाठी एसव्हीजी ही स्वरूपे योग्य ठरतात. दोन्ही खुली मानके असल्याने एखाद्या कंपनीच्या निर्णयावर त्यांचे आयुष्य अवलंबून नाही. मूळ फाइल मात्र कधीही पुसू नये. आजच्या रूपांतरात सुटलेले काही उद्या लक्षात आले, तर तेथेच परत जावे लागेल.

सर्वच फाइली एकदम हाती घेणे शक्य नसल्यास ज्यांची छापील प्रत उरलेली नाही, अशा कामांपासून आरंभ करावा.